दुसरा हातोडा

दिवाळी अंकाचे संपादक फोनवर म्हणाले, मिस्त्री, तुमच्या धंद्यातल्या यशाचं काहीतरी लिहा. मी म्हणालो, यशाचं चेअरमन लोकांकडून घ्या, त्यांच्याकडं ते छापून तयार असतं. माझ्याकडं झिजलेले बॉल जॉइंट आहेत. त्यांनी तीन पानं देऊ केली. मी सहा मागितली. चारवर तुटलं. भाव केल्याशिवाय मी दात कोरायची काडीसुद्धा घेतलेली नाही. तर या चार पानांत मी एका जुन्या सुमोबद्दल लिहिणार आहे. ती सध्या केजला माझ्या घरासमोर लिंबाखाली उभी असते. आणि सत्तारबद्दल लिहिणार आहे, कारण त्याच्याशिवाय त्या गाडीचं सांगता येत नाही.

ज्यांना गाडीचं फक्त स्टिअरिंग ठाऊक आहे त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. गाडीचं पुढचं चाक एकाच वेळी दोन कामं करतं. खड्ड्यात वरखाली होतं आणि वळणावर फिरतं. हे जमावं म्हणून चाकाच्या आतल्या बाजूला वर एक आणि खाली एक असा सांधा असतो. माणसाच्या खुब्यात हाडाची वाटी आणि वाटीत गोळा असतो, तसाच लोखंडाचा. तोच बॉल जॉइंट. वाटीत ग्रीस आणि वरून रबराची टोपी. टोपी शाबूत आहे तोवर सांधा वर्षानुवर्षं तोंड उघडत नाही. टोपी फाटली की धूळ आत जाते, ग्रीसचा चिखल होतो आणि गोळा वाटीत खेळायला लागतो. वळताना खालून कटकट ऐकू येते. गिऱ्हाईक म्हणतं, चालतीय न्हव गाडी? चालते. झीज सावकाश होते, पण शेवट सावकाश होत नाही. गोळा वाटीतून निसटला की चाक बाहेरच्या अंगाला आडवं पडतं आणि गाडी नाकावर बसते. सपाट रस्त्यावर हळू असाल तर अब्रू जाते, घाटात असाल तर माणूस जातो.

आमच्या जिल्ह्यातल्या मिस्त्रीला दुष्काळ आभाळावरून कळत नाही, न धुतलेल्या गाड्यांवरून कळतो. एरवी खंडेनवमीला गाड्या पाटावर नाहीतर विहिरीवर नेऊन पोटाखालून धुतात, मग हळदकुंकू, मग हार. त्या धुण्यात फाटकी टोपी दिसते. माझी निम्मी गिऱ्हाइकं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी यायची ती याच कारणानं. दुष्काळात माणसाला प्यायला टँकर, तिथं गाडी कोण धुणार? ओल्या फडक्यानं बोनेट पुसायचं आणि हार घालायचा. पोटाखाली चिखलाचं आणि धुळीचं पुटावर पूट. टोपी फाटलेली आहे की जागेवर आहे, काही दिसत नाही. त्यात त्याच गाडीत पाण्याचे बॅरल, कडब्याच्या पेंड्या, पेंडीची पोती. दुष्काळाच्या साली बॉल जॉइंट जास्त का जातात, असं मला एका इंजिनिअरनं विचारलं होतं. मी म्हणालो, साहेब, आंघोळ नाही म्हणून.

या सांध्याच्या नादानं एकेक वल्ली भेटली. मेंढरं पाळणारा बिरू आप्पा जुन्या मारुती व्हॅनमधून कोकरं बाजारला न्यायचा. एकदा गाडी खालून बघितली तर रबराच्या टोपीच्या जागी बकरीच्या कातड्याची टोपी, सुतळीनं बेतशीर शिवलेली आणि आत एरंडेल. मी त्याच्यावर ओरडलो, हा काय मोटेचा नाडा आहे का? तो शांतपणे म्हणाला, "टोपी फाटली, टोपी शिवली. त्यात काय?" सांधा खोलला तर आत धुळीचा कण नाही. सत्तार इतका हसला की जमिनीवर बसला. ती टोपी त्यानं गॅरेजात खिळ्याला अडकवून ठेवली आणि नव्या गिऱ्हाइकाला 'कंपनीचा ओरिजनल माल' म्हणून दाखवायचा. मजुरीच्या घासाघिशीत बिरू आप्पानं मला हरवलं. मला हरवणारी माणसं फार नाहीत, म्हणून नाव लिहून ठेवतो.

सत्तार आणि मी परळीला एका उस्तादाच्या हाताखाली शिकलो. थर्मल वीजकेंद्राच्या राखेच्या ट्रकखाली लोळून आम्ही कारागीर झालो. डोळ्यांत राख, भाकरीत राख. मी केजचा, तो नेकनूरचा. मग दोघांनी केजला बीड रस्त्यावर पत्र्याचं शेड टाकलं. मला बाप-आज्यानं काही दिलं नव्हतं, त्यालाही नाही. बोलायचं, भाव करायचं, भांडायचं काम माझं. ऐकायचं काम त्याचं. गाडी फाटकातून आत येतानाच तो आवाजावरून सांगायचा, डावा खालचा. मग मी गिऱ्हाइकाशी भांडायला मोकळा.

आता हातोड्यांचं. सांध्याचा दांडा निमुळता असतो आणि चाकाच्या बाजूच्या लोखंडी कानात पाचरीसारखा बसलेला असतो. नट काढला तरी तो सुटत नाही. ओढाल तर जास्तच अडून बसतो. नवशिके दांड्याच्या टोकावर घाव घालतात, टोक चेमटून जातं आणि काम कायमचं बसतं. खरा घाव कानावर घालायचा आणि कानाच्या दोन्ही बाजूंनी, एकाच क्षणी, दोन हातोड्यांनी. घाव जुळले तर कान क्षणभर अंग सैल सोडतो आणि दांडा टण्णकन खाली येतो. मागंपुढं झाले तर नुसता गोंगाट होतो आणि बोटं फुटतात. आम्ही एक-दोन-तीन म्हणत नव्हतो. सत्तार श्वास आत घ्यायचा, तेवढं मला पुरे व्हायचं. दोन हातोड्यांच्या त्या टण्णकनसारखा आवाज मी नंतर ऐकलेला नाही.

त्याची दुसरी एक रीत होती, ती मला कधी पटली नाही. दोन-चार घावांत सांधा सुटला नाही तर तो नट दोन आट्यांवर राहू द्यायचा, म्हणजे सुटताना काही उडायला नको. मग पुलर, म्हणजे दांडा रेटणारा स्क्रूचा शिकंजा, लावून कानावर ताण द्यायचा, हात पुसायचा आणि डबा उघडायचा. मी चिडायचो, गिऱ्हाईक उभं आहे. तो म्हणायचा, "त्याला इचार करू दे." आणि आम्ही जेवत असताना कधीतरी मागं टण्ण व्हायचं.

शिवाय प्रत्येक काम संपलं की तो एकच विचारायचा, पिन टाकली का बे? नट फिरू नये म्हणून त्याच्या खाचेतून बारीक पिन आरपार घालून वाकवायची असते. मी ती विसरलो असं एकदाही झालेलं नाही. तरी तो विचारायचा. मी शिवी हासडायचो. तो हसायचा आणि खाली वाकून बघायचाच.

आमच्या भागातल्या साखर कारखान्याच्या गाड्यांचं काम मी भांडून मिळवलं होतं. सहकारी कारखाना, मी स्वतः सभासद, मग काम परगावच्या गॅरेजला का, असं मी सर्वसाधारण सभेत उभं राहून विचारलं. पुढच्या महिन्यापासून गाड्या आमच्याकडं यायला लागल्या. त्यांतच चेअरमनची पांढरी सुमो होती. तिला मी नवरीसारखी ठेवली.

मग तो दुष्काळ आला. ऊस नव्हता म्हणून चिमणी पेटली नाही. जो थोडा वाळका ऊस उभा होता तो जनावरांपुढं टाकला गेला. बैलगाड्यांच्या तळावर आसपासच्या गावांची जनावरं दावणीला येऊन उभी राहिली, पण चारा छावणीची मंजुरी बीडला अडकलेली. कारखान्याच्या पदरचा चारा संपत आला होता. दुपारी बीडला बैठक होती. चेअरमननी जाऊन समोर बसल्याशिवाय मंजुरी हलणार नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या सकाळी आम्ही दोघं कारखान्यावर ट्रॅक्टर बघायला गेलो होतो. सुमो पोर्चकडं वळली तेव्हा सत्तारनं मान वर केली. मला म्हणाला, डावा खालचा, लई खराब. ड्रायव्हरला थांबवून मी जॅक लावला, चाक वर-खाली धरून हलवलं. गोळा वाटीत डमरूसारखा वाजत होता. पूट खरवडलं तर टोपीच्या चिंध्या. दसऱ्याला ती गाडी धुतलेली नव्हती. पाणी वाचवायचा हुकूम चेअरमनचाच होता आणि तो योग्य होता. नवा सांधा बीडशिवाय मिळणार नव्हता. बाकीच्या जीप टँकरबरोबर गेलेल्या. मी चाक काढून भिंतीला टेकवलं आणि नट खिशात टाकले.

चेअरमन आले. मी सांगितलं, मांजरसुंब्याच्या घाटात हे चाक निघंल, गाडी जाणार नाही. ते म्हणाले, सावकाश नेऊ. मी म्हणालो, सावकाश नेलं तरी घाट घाटच राहतो. भोवती सभासद जमले होते. ते म्हणाले, मिस्त्री, तुमचं काम दुरुस्तीचं, कुठं जायचं ते आम्ही ठरवू. इथं माझं डोकं फिरलं.

"आबा, मग एसटीनं जा," मी म्हणालो. "सभासद जातेत तसं."

मागं कोणीतरी हसलं. चेअरमनचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्या वेळी बीडला वेळेत पोचेल अशी एसटी नव्हती, हे मलाही माहीत होतं. पण बोललो ते बोललो. चाक बसवणार नाही म्हणालो आणि खिशावर हात ठेवून उभा राहिलो.

सत्तार माझ्याकडं आला नाही. पाना घेतला. बाकीच्या तीन चाकांचा एकेक नट काढला आणि त्या नटांवर ते चाक बसवलं. हा आमच्या धंद्यातला जुना तोडगा, मीच त्याला शिकवलेला. ड्रायव्हरला खाली उतरवलं, स्वतः बसला, चेअरमनला मागं उजवीकडं बसायला सांगितलं, म्हणजे डाव्या चाकावर वजन कमी. खिडकीतून कान बाहेर काढून बैलगाडीच्या चालीनं तो फाटकातून गेला. मी तिथंच उभा होतो. हंबरणं ऐकू येत होतं, आणि माझ्या खिशात नट.

संध्याकाळी ते मंजुरी घेऊन आले. लोकांनी चेअरमनच्या गळ्यात हार घातले. सत्तार गाडीतून उतरला तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटलेला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही सांधा बदलला. दोन हातोडे, एक श्वास, टण्ण. ते शेवटचं. जुना सांधा मी नुसत्या हातानं उपसला, गोळा एका हातात आणि वाटी दुसऱ्या हातात आली. तसाच वर गेलो आणि दोन्ही तुकडे चेअरमनच्या टेबलावर ठेवले. त्यांनी बघितले. म्हणाले, "पण पोचलो न्हव?"

छावणी उभी राहिली, जनावरं जगली, ते चांगलंच झालं. पण जॉइंट टिकला ही जॉइंटची करामत नाही आणि चालवणाऱ्याचीही नाही. त्या दिवशी मी बरोबर होतो. आजही तेच म्हणतो.

पुढं कारखान्यानं स्वतःचं वर्कशॉप काढलं. सत्तारला फोरमन म्हणून कायम केलं आणि गाड्या माझ्याकडं यायच्या थांबल्या. नोकरी घेतली याचा मला राग नाही. लेकरंबाळं त्याला होती. राग याचा, की चाक बसवताना त्यानं मला एका शब्दानं विचारलं नाही. "भानुदास, दे नट," एवढंच म्हणायचं होतं. मी दिले असते का, हा प्रश्न वेगळा.

एकदा तो गॅरेजवर आला होता. मी एका ट्रकखाली होतो. खालून त्याच्या चपला दिसल्या. डाव्या चपलेचा अंगठा त्यानं तारेनं बांधलेला असायचा, म्हणून ओळखलं. मी बाहेर आलो नाही. काम चालू होतं, आणि ज्यानं आधी बोलायचं त्यानं बोलावं. चपला पुष्कळ वेळ तिथं होत्या. मग गेल्या.

नंतर गॅरेज मी एकट्यानं चालवलं. कानाच्या एका बाजूला जड घण टेकवून दुसऱ्या बाजूनं घाव घालता येतो. काम होतं. माणसं ठेवली, गेली. हातोडा सगळ्यांना धरता येतो, श्वास कोणाचा जुळत नाही. पुढं रस्ता रुंद झाला त्यात शेड गेलं आणि मी घरी बसलो. कारखानाही बंद पडला. भंगारात गाड्या निघाल्या तेव्हा ती सुमो मी घेतली. भंगारवाल्याशी दोन दिवस भांडलो आणि पत्र्याच्या भावात उचलली.

या उन्हाळ्यात तिच्या डाव्या खालच्या सांध्यानं पुन्हा तोंड उघडलं. मी घरीच करायचं ठरवलं. मागच्या चाकांना दगड लावले, चासीखाली सागवानी ठोकळे, चाकाला धरणाऱ्या खालच्या लोखंडी आर्मखाली जॅक. हा जॅक काढायचा नाही, हे घरी काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. आर्मवर स्प्रिंग दाबून बसलेली असते, सांधा सुटताना ती मोकळी झाली तर छाती फोडते. नट सैल केला, घण टेकवला, घाव घातला. पुन्हा घातला. सांधा हलेना. माझा हातही आता तो राहिलेला नाही. घावाला नेम आहे, वजन नाही. घामाघूम होऊन मी कानाला शिव्या घातल्या, लिंबावरचे कावळे उडाले. शेवटी पुलर लावला, होईल तेवढा ताण दिला आणि जेवायला आत गेलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

वाढता वाढता कौसल्या, माझी बायको, म्हणाली, "सत्तारभाईला बलवा की. दोन हातोड्याचं काम हाय म्हणून तुमीच सांगता."

मी म्हणालो, त्यानं चाक लावताना मला इचारलं व्हतं का?

"न्हाई इचारलं," ती म्हणाली. "पण मग ती गाडी घरी कावून आणली तुमी?"

पत्र्याच्या भावात मिळाली म्हणून, असं मी सांगितलं. तिनं ताटात आमटी वाढली. बायको भांडली तर मला भाव करता येतो. गप्प बसली की येत नाही.

भाकरीचा तुकडा मोडला आणि बाहेर टण्ण झालं.

मी उठलोच. खरकट्या हातानं ओसरीवर आलो आणि तोंडातून निघून गेलं, "सत्तार, सुटला बे!"

लिंबाखाली गाडी होती. खाली दांडा दोन आट्यांवर लोंबकळत होता. दुसरं कोणी नव्हतं. मी हात धुवायचं विसरून तिथंच पायरीवर बसलो. कौसल्या दारात आली, बघून आत गेली.

नवा सांधा बसवला, नट आवळला, पिन घातली, वाकवली. चाकाचे नट घालताना आत जाऊन डबा काढला. त्या दिवशी खिशात राहिलेले नट मी टाकून दिले नव्हते. तेच लावले.

सांधा बदलल्यावर गाडी एकट्यानं ट्रायलला काढायची नसते. चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर, ऐकणारा डावीकडं लागतो. मी कौसल्याला म्हणालो, ट्रायलला चाललो. कुठवर, असं तिनं विचारलं नाही. फडक्यात बांधलेले धपाटे सीटवर आणून ठेवले. एका माणसाला लागतात त्याहून ते जास्त होते.

नेकनूरला सत्तारचं घर रस्त्यालगत आहे. मी हॉर्न वाजवला नाही. गाडी थांबायच्या आधीच तो बाजेवरून उठलेला दिसला. दाढी सगळी पांढरी, अंगात पांढरा सदरा-पायजमा. माझ्याकडं न बघता तो सरळ डाव्या चाकापाशी आला. वाकून चाकावरून हात फिरवला.

"नट जुने दिसतेत," तो म्हणाला.

"जुनेच हायेत," मी म्हणालो.

त्यानं एकेक नट अंगठ्यानं चाचपला. मग मान वर केली.

"पिन टाकली का बे?"

मी गाडीतून उतरलो. शिवी तोंडात आली होती, ती तिथंच राहिली.

"तूच बघ," म्हणालो.

त्यानं खांद्यावरचं उपरणं रस्त्याकडंला अंथरलं आणि पांढऱ्या कपड्यांनिशी गाडीखाली शिरला. बाहेर फक्त त्याचे पाय दिसत होते. चपला नव्या होत्या, त्यांना तार नव्हती. पिन बघायला लागतो त्याच्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ झाला, तरी तो बाहेर येईना. नेकनूरची बस आली, माणसं उतरली, गेली.

मी गेलो नाही, तिथंच उभा राहिलो.